टप उघडणारी, उत्तम स्थितीत, विकणे आहे

विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्या काळात हजारो लोकांना त्यांच्या गाडीची खरी किंमत सांगण्याचे अप्रिय काम इमानेइतबारे पार पाडले. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर ५ टक्के घसारा, वर्षाच्या आतली असेल तर १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०, हा तक्ता मला रामरक्षेसारखा पाठ होता. दुरुस्तीच्या बिलात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांचे सरसकट निम्मे कापायचे, काचेचे मात्र काही कापायचे नाही. समोरचा मनुष्य रडकुंडीला येऊन "साहेब, गाडी पोटच्या पोरासारखी जपली आहे हो" असे म्हणू लागला, की मी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहत सांगत असे, "आमच्या तक्त्यात जपण्याचा रकाना नाही." हे वाक्य मला स्वतःला फार आवडत असे. पाच वर्षांपुढच्या गाडीबद्दल तक्ता काही बोलत नाही. तिची किंमत कंपनीने आणि मालकाने आपसांत ठरवायची असते. माझी स्वतःची गाडी १९५४ सालची असल्यामुळे, ती विकायला काढली तेव्हा तक्ता संपून पासष्टहून अधिक वर्षे लोटली होती, आणि आपसांत ठरवायला समोर सगळी मुंबई उभी होती.

गाडी मॉरिस मायनर आहे. ८०३ सीसीची, दोन दारांची, मागे दुमडणाऱ्या कापडी टपाची. माझ्या काकांनी ती १९६३ मध्ये विलायतेला परत निघालेल्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एका साहेबाकडून घेतली, आणि १९८९ मध्ये मोतीबिंदूमुळे काकांना लांबचा सिग्नल आणि देवळातला दिवा यांतला फरक कळेनासा झाला तेव्हा ती माझ्याकडे आली. हिची पुढची काच मधोमध दुभागलेली आहे, वळताना दाराच्या मागून एक छोटा पिवळा हात बाहेर येतो आणि बॉनेटच्या मध्यावर लांबच्या लांब एक सपाट पट्टी आहे. या पट्टीची हकिगत मी गाडी पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, तेव्हा तुमचीही सुटका नाही. गाडी जवळजवळ तयार झाली असताना तिचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांना ती अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुन्याची गाडी उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवले आणि नजरेला बरे वाटले तिथे, म्हणजे चार इंचांवर, थांबवले. बॉनेटवरची पट्टी ही त्याच चार इंचांची भर. कारखान्याचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी फोडून पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसत असे आणि ती त्यांना मुळीच आवडली नव्हती. तरीही १९४८ ते १९७१ या काळात अशी सोळा लाख अंडी विकली गेली.

इसिगोनिस साहेबांनी कोणी न मागता चार इंच वाढवून दिले. आमच्या विलेपार्ल्यातल्या इमारतीच्या पुनर्विकासात स्वयंपाकघराच्या चार इंचांसाठी सहा वर्षे सभा चालल्या आणि शेवटी ते चार इंच न्हाणीघरातून काढून देण्यात आले. करारानुसार तीन वर्षे भाड्याच्या घरात राहायचे होते, त्या घराला गाडी ठेवण्याची जागा नव्हती, आणि नव्या इमारतीत गाडी लोखंडी पाळण्यात चढवून यंत्राने वर टांगायची होती. "गाडीचेही भाडे मिळेल का?" या माझ्या प्रश्नावर सर्वसाधारण सभेत जो हशा पिकला, त्याची नोंद इतिवृत्तात नाही.

उघड्या टपाची गाडी मुंबईत बाळगणे हा मुळातच विचारी माणसाचा उद्योग नाही, हे मला मान्य आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, ऑक्टोबरात उकाडा, मार्चपासून पुढे ऊन. मध्ये जे चार महिने उरतात त्यांवर कबुतरांचा आधीपासून ताबा असतो. टप उघडायला एक मनुष्य पुरतो, पण बंद करायला दोघे लागतात आणि त्या दोघांचे आपसांत बरे असावे लागते. समुद्राची हवा पत्र्याला खालून खाते म्हणून दर मे महिन्यात मी गाडीच्या पोटाला तेलाचा हात देत असे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यावर जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात असे कळले, तेव्हा त्याही बदलून घेतल्या. एवढे सगळे करून थंडीतल्या एखाद्या रविवारी पहाटे सहा वाजता टप उघडून मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन यायचे आणि उरलेले वर्ष गाडी पुसायची, असा आमचा संसार होता. उघड्या गाडीत बसलेला मनुष्य सिग्नलला सार्वजनिक मालमत्ता होतो, हे मात्र अनुभवाशिवाय कळत नाही. शेजारचा रिक्षावाला "कितनी साल की है?" असे विचारतो तेव्हा तो माझ्याबद्दल विचारतो आहे की गाडीबद्दल, याचा मला आजही उलगडा होत नाही.

जाहिरात मी स्वतः लिहिली. ती तीन पाने झाली. भाच्याने ती वाचून सहा ओळींवर आणली, त्यात पट्टीची हकिगत गेली, आणि वर "मामा, लोक फोटो बघतात, वाचत नाहीत" असे सांगून त्याने ती मोबाइलवरून जगाला दाखवली. दहा मिनिटांत फोन सुरू झाले. मुंबईत जुनी गाडी घेणारा मनुष्य "नमस्कार" म्हणत नाही, तो "लास्ट बोला" म्हणतो. पहिले काहीच बोललेलो नसताना शेवटचे काय बोलायचे, या विचारात मी असतानाच पलीकडून अ‍ॅव्हरेज विचारले जाई, मग सीएनजी बसेल का ते विचारले जाई. एका गृहस्थांनी एसी आहे का, असे विचारले. गाडीला टपच उघडा आहे, असे मी सांगितल्यावर ते थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे एसी बसवावा लागेल." एकाने गाडीच्या बदल्यात बुलेट आणि वर अंबरनाथचा अर्धा गुंठा देऊ केला.

सर्वांत सभ्य फोन एका लष्करी अधिकाऱ्याचा होता. तो सीमेवर तैनात होता, त्याने गाडी न पाहताच पसंत केली, किंमत न घासता मान्य केली आणि मला तीनदा "सर" म्हटले. गाडी न्यायला माणूस पाठवतो, विसार आत्ताच घ्या, असे म्हणून त्याने मोबाइलवर एक चौकोनी चित्र पाठवले आणि ते स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. ज्या मनुष्याने एकतीस वर्षे लोकांचे खोटे दावे हुंगून काढले, त्याचे बोट पिनच्या तिसऱ्या आकड्यावर होते. भाच्याने फोन हिसकावून घेतला आणि पैसे येताना पिन लागत नाही, तो फक्त जाताना लागतो, हे ज्ञान मला माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच बायकोसमोर दिले. अधिकाऱ्याने पुन्हा फोन केला नाही. सीमेवर काही गडबड झाली असावी.

प्रत्यक्ष येणाऱ्यांमध्ये पहिले वरातीच्या गाड्या भाड्याने देणारे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तिचे जुने इंजिन काढून मारुतीचे बसवावे लागेल, रंग गुलाबी-सोनेरी करावा लागेल आणि डिकीत स्पीकर चढवावे लागतील, असे जाहीर केले आणि मग "नवरदेव उभा राहिला तर कसा दिसेल ते बघतो" असे म्हणत ते बुटांसकट मागच्या सीटवर उभे राहिले. हात वर करून त्यांनी काल्पनिक वऱ्हाडाला अभिवादन केले. आमच्या वॉचमनने, का कोण जाणे, परत हात केला. गृहस्थ खाली उतरले आणि त्यांनी माझी पूर्ण किंमत, एक पैसाही कमी न करता, देऊ केली. मी तोंड उघडले आणि "माफ करा, गाडी कालच दिली गेली" हे शब्द माझ्या कानांवर पडले. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बायकोचा, सुनंदाचा, आवाज आला, "कुणाला?"

दुसरा तरुण उपाहारगृहांची सजावट करणारा होता. त्याला पुढचा अर्धा भाग पुरणार होता, तो भिंतीतून बाहेर येतो आहे असे दाखवून त्यावर कॉफीचे यंत्र ठेवायचे होते. इसिगोनिस यांनी गाडी उभी कापली होती, हा आडवी कापणार होता. मागच्या अर्ध्या भागाचे काय करणार, असे विचारल्यावर "तो तुम्ही ठेवा, काका" असे तो खरोखर उदारपणे म्हणाला.

त्यानंतर तज्ज्ञ आले. तज्ज्ञांनी खिशातून चुंबक काढले आणि रंगाखाली कुठे लांबी, म्हणजे लुकण, भरली आहे का, ते पाहण्यासाठी मडगार्डवरून तसूतसूने फिरवले. चुंबक सगळीकडे चिकटले, याचे त्यांना दुःख झाले. मग त्यांनी माझ्याच गाडीत मला ठाऊक नसलेले अकरा स्क्रू चुकीच्या काळातले आहेत हे दाखवले, बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली पाहून "हे तरी बरोबर आहे" असे म्हटले आणि ही विंटेज नसून केवळ क्लासिक आहे, कारण १९४० च्या आधीच्या गाडीलाच जाणकार विंटेज म्हणतात, असा निकाल दिला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज धरली आहे, असे मी चाचरत सांगितले. सरकारला काय कळते, असे ते म्हणाले. म्हणजे एकच गाडी सरकारच्या मते विंटेज, तज्ज्ञांच्या मते क्लासिक आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मते भंगार होती. त्याच नियमांत असेही आहे, की विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ही अट माझी गाडी सरकारच्या बरीच आधीपासून स्वतःहून पाळत आली आहे, पण ते मी तज्ज्ञांना सांगितले नाही.

एक आजोबा मात्र नियमाने येत. ते १९६१ मध्ये अशाच गाडीवर ड्रायव्हिंग शिकले होते. ते चालकाच्या जागी बसत, दार लावून घेण्याची परवानगी मागत, पाच मिनिटे स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या कचराकुंडीकडे पाहत आणि चिक्कीचा पुडा ठेवून निघून जात. त्यांना गाडी घ्यायची नव्हती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. सुनंदाचे मत असे, की इतक्या लोकांत तेवढाच एक प्रामाणिक होता.

आता फायलीबद्दल सांगितले पाहिजे. १९८९ पासूनचे प्रत्येक बिल मी एका निळ्या फायलीत तारखेनुसार लावून ठेवले आहे. चोरबाजारातून आणलेला हेडलाइटचा कडा, कुर्ल्यात रफिकभाईंनी केलेले पत्र्याचे काम, दादरला शिवून घेतलेला टप, सगळे. गाडी जपल्याचा तो लेखी पुरावा होता आणि तो दाखवला की गिऱ्हाईक गप्प होईल, अशी माझी अटकळ होती. गिऱ्हाइकांनी तिला हातही लावला नाही. लावला तो सुनंदाने. एका दुपारी मी डुलकी काढून उठलो, तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर फाइल, पेन्सिल आणि नातवाचा कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. मी पाणी प्यायलो. तिने एक पान उलटले. मी पुन्हा पाणी प्यायलो.

"चार लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे," ती म्हणाली. "आणि शहाण्णव साली ओट्याला ग्रॅनाइट बसवायला पैसे नव्हते."

"अगं, ते छत्तीस वर्षांचे मिळून आहेत."

"ओटापण छत्तीस वर्षं तसाच आहे."

यावर तक्त्यात काही उत्तर नव्हते. त्या दिवसापासून गाडी लवकरात लवकर गेली पाहिजे, या मताची ती झाली आणि येणाऱ्या प्रत्येकाला वरून चहा पाठवू लागली, जो तिने एरवी माझ्या मित्रांनाही कधी पाठवला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नाशिकहून एक मुलगी आली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे जुळवण्याचे काम करते, एवढेच तिने सांगितले. तिने "लास्ट" विचारले नाही, पट्टीची हकिगत तिला आधीच माहीत होती, त्यामुळे माझी अर्धी हवा तिथेच गेली. तिने पिशवीतून एक गोणपाट काढले, जमिनीवर अंथरले आणि विजेरी घेऊन ती सरळ गाडीखाली शिरली. आता एक गोष्ट कबूल करतो. इंजिनातून तेलाचे थेंब गळतात म्हणून तिथे कायम एक ॲल्युमिनियमची थाळी ठेवलेली असे, आणि कोणी पाहायला येणार असले की मी ती उचलून जिन्याखाली लपवत असे व गळालेले तेल वर्तमानपत्राने टिपत असे. थोड्या वेळाने खालून आवाज आला.

"काका, इथे थाळी असते ना?"

"कसली थाळी?"

"सगळीकडे धूळ आहे आणि इंजिनाखालीच एक स्वच्छ गोल आहे. साधारण दहा इंची."

एकतीस वर्षांत एवढा चोख पंचनामा माझ्या एकाही सर्व्हेअरने केला नव्हता. मी मुकाट्याने जिन्याखालून थाळी आणून तिच्या हातात दिली. तिने ती त्या गोलावर बरोबर बसवली आणि बाहेर येऊन केस झटकत म्हणाली, "या इंजिनाला मागच्या टोकाला सील नसतंच. थोडं टपकणारच. टपकायचं थांबलं, तर तेल संपलं समजायचं."

मग तिने फाइल मागितली. ती आकडे पाहत नव्हती, तारखा पाहत होती. बोट एकेका बिलावरून सरकत होते. गिअरबॉक्सचे तेल एकदा सात वर्षे बदलले नव्हते, हे तिने मला दाखवले. मग ती थांबली, दोन पाने मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"दोन हजार पाचच्या ऑगस्टचं काही नाहीये. तेव्हा पार्ल्यात पाणी भरलं होतं ना?"

तिचा संशय रास्त होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि त्यानंतर कित्येक महिने माझ्या टेबलावर बुडालेल्या गाड्यांखेरीज दुसरा कागद नव्हता. तेव्हाचे बिल नाही याचा अर्थ, एक तर गाडी बुडूनही दुरुस्त केली नाही, किंवा बिल लपवले आहे. थाळीच्या प्रकरणानंतर माझ्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

"बुडाली नव्हती," चहाचा ट्रे घेऊन खाली आलेली सुनंदा म्हणाली. "हे फोर्टहून चालत येत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. फाटकातून पाणी आत यायला लागलं तेव्हा मी हँडब्रेक काढला, इमारतीतल्या चार पोरांना हाका मारल्या आणि शेजारच्या देवळाच्या उतारावरून ढकलत सभामंडपात नेली. रात्रभर तिथेच होती. पुजारीबुवांनी सकाळी हळदकुंकू वाहिलं होतं."

त्या प्रसंगाला इतकी वर्षे झाली होती. मी घरी पोचलो तेव्हा गाडी नेहमीच्या जागी उभी होती, बॉनेटवर कुंकू होते आणि त्याचा डाग काढताना मी थोडा चिडलोही होतो. ती तिथे कशी राहिली, हे मी विचारले नव्हते, कारण आदल्या रात्री आपल्या भागात पाणी कमी असावे, असा निष्कर्ष मी व्यावसायिक अनुभवाने काढून टाकला होता.

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही आल्या आल्या आधी गाडी बघायला गेलात," ती म्हणाली. "मग मला नाही बोलावंसं वाटलं."

मुलीने चहा घेतला, दोन फेऱ्या मारून आली, पहिल्या गिअरला खळखळ न करता गाडी उचलली आणि मग, व्यवहाराची रीत म्हणून, अगदी संकोचाने म्हणाली, "काका, वीस हजार कमी होतील का?"

मी "हो" म्हणणार होतो. खरे तर पन्नासही कमी केले असते.

"एक रुपया कमी होणार नाही," सुनंदा म्हणाली.

कागदपत्रांचे फार सांगत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर मी इतक्या सह्या केल्या, की शेवटच्या सहीत माझे आडनाव निम्मे उरले होते. चेसिसच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा छाप घ्यायचा असतो. तो घेणारा एजंट गाडीसमोर गुडघे टेकून बसला तेव्हा ये-जा करणाऱ्या दोघांनी त्याला नमस्कार केला. जुने आरसी बुक हाताने लिहिलेले होते आणि त्यात रंगाच्या रकान्यात काकांच्या काळातल्या कारकुनाने 'बरा' असे लिहिले होते. ते 'ग्रे' असावे, असा खुलासा एका अर्जाने, त्याच्या दोन प्रतींसह, करावा लागला.

मुलगी गाडी न्यायला आली ती रविवारी पहाटे. टप उघडलेला होता. मी तिला सेल्फचा दट्ट्या किती ओढायचा ते दाखवले, उजवीकडचा पिवळा हात कधी कधी आत जायला विसरतो तेव्हा बाहेरून थापट मारायची ते सांगितले, आणि स्टार्टिंग हँडल फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवले. आजोबा चिक्की घेऊन हजर होते. गाडी फाटकातून डावीकडे वळली आणि उजवा हात बाहेर काढून हनुमान रोडवरून दिसेनाशी झाली. सुनंदा थाळी धुवायला घेऊन वर गेली, आणि मी त्या स्वच्छ गोलाकडे पाहत थोडा वेळ खाली थांबलो.

अकराच्या सुमारास फोन वाजला. ती इगतपुरीला चहाला थांबली होती आणि आता गाडी सुरू होत नव्हती.

"किल्ली फिरवल्यावर टिकटिक येते का?" मी विचारले.

"नाही येत, काका."

"पंप अडकला असेल. बॉनेट उघड. मागच्या पत्र्यावर काळ्या टोपीचा पंप दिसेल. त्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकदा मार. जोरात नको, दारावर पाहुणा टकटक करतो तेवढंच."

पलीकडे बॉनेट उघडल्याचा आवाज आला, मग एक लहानसा टक्, आणि मग फोनमधून स्पष्ट टिकटिक ऐकू येऊ लागली. आधी भराभर, मग कार्बोरेटर भरत आला तशी सावकाश.

"कुणाचा फोन?" स्वयंपाकघरातून सुनंदाने विचारले.

"गाडीचा," मी म्हणालो.

तिने नळ बंद केला आणि हात पुसत बाहेर आली.

"घाट चढली का?"